पनवेल ते एडन : एका इलाख्याची दोन टोके (थ्रेड)

पनवेलच्या नाट्यगृहाला ज्यांचे नाव आहे, त्या वासुदेव बळवंत फडके यांचा जन्म ४ नोव्हेंबर १८४५ रोजी कर्नाळ्याच्या परिसरातील शिरढोणला झाला. मृत्यू १७ फेब्रुवारी १८८३ रोजी एडनच्या तुरुंगात. मध्ये सुमारे ३००० किलोमीटरचा समुद्र. काळे पाणी म्हटले की अंदमान आठवते. मग फडके अरबस्तानात कसे पोहोचले?

उत्तर नकाशात नाही, सरकारी दप्तरात आहे. १९ जानेवारी १८३९ रोजी कॅप्टन हेन्स यांच्या मोहिमेने एडन जिंकले. ही मोहीम मुंबईहून निघाली होती आणि तिच्यात मुंबई फौजेच्या २४ व्या पलटणीचे देशी शिपाई होते. तेव्हापासून एडनचा कारभार मुंबई इलाख्याकडे आला. तेथे चलन रुपयाचे आणि पुढे टपालाची तिकिटेही हिंदुस्थानचीच. १८६९ मध्ये सुएझ कालवा खुला झाल्यावर बोटींना कोळसा पुरवणारे हे बंदर फारच मोलाचे ठरले. थोडक्यात, कागदोपत्री पनवेल आणि एडन एकाच सरकारच्या हाताखाली होते!

फडके पुण्यात लष्कराच्या हिशेबखात्यात कारकून होते. शिरढोणला आई आजारी पडली, रजा वेळेवर मिळाली नाही आणि ते घरी पोहोचण्याआधीच ती गेली. पुढे १८७६-७७ च्या दुष्काळात त्यांनी गावोगावची उपासमार पाहिली. नोकरीतला हा कारकून अखेर रामोशी साथीदारांसह बंडाला उभा राहिला. मे १८७९ मध्ये दौलतराव नाईक यांच्या तुकडीने पनवेलजवळच्या पळस्प्यालाच धाड घातली. म्हणजे बंडाची झळ थेट फडक्यांच्या जन्मभूमीपर्यंत आली. त्याच मोहिमेत दौलतराव मारले गेले.

जुलैमध्ये विजापूरकडील देवर नावदगी येथे फडके पकडले गेले. पुण्याच्या खटल्यात सार्वजनिक काका, म्हणजे गणेश वासुदेव जोशी, त्यांच्या बचावास उभे राहिले. शिक्षा झाली जन्मठेप, हद्दपारीची. जानेवारी १८८० मध्ये त्यांना बोटीने एडनला नेण्यात आले.

तेथेही ते स्वस्थ बसले नाहीत. कोठडीचे दार बिजागऱ्यांतून उखडून ते निसटले. पण बाहेर होते उघडे वाळवंट, अनोळखी भाषा आणि अनोळखी माणसे. सह्याद्रीत त्यांना दडवणारे रान होते, भाकर देणारी घरे होती. इथे यांपैकी काहीच नव्हते. ते पुन्हा पकडले गेले.

एडन मुंबईच्या कारभारातून १९३२ मध्ये निघाले आणि १ एप्रिल १९३७ रोजी हिंदुस्थानपासून वेगळे झाले. तोवर फडक्यांच्या मृत्यूला ५४ वर्षे उलटली होती.