टेनिसमधील स्थाननिश्चिती आणि पदलालित्य

टेनिसमधील स्थाननिश्चिती म्हणजे प्रत्येक फटक्यानंतर खेळाडूने मैदानावर कोठे उभे राहावे याचा निर्णय, आणि पदलालित्य म्हणजे त्या जागी वेळेत पोचण्यासाठी, तेथून चेंडूकडे जाण्यासाठी व फटका मारताना तोल राखण्यासाठी केलेली पावलांची हालचाल. हौशी खेळाडू सरावाचा बहुतेक वेळ फोरहँड, बॅकहँड व सर्व्हिस यांना देतात. प्रत्यक्षात त्यांचे पुष्कळ गुण फटका येत नाही म्हणून नव्हे, तर चेंडू आला तेव्हा ते चुकीच्या जागी उभे होते म्हणून जातात.

‘पदलालित्य’ हा शब्द संस्कृत साहित्यचर्चेतून आलेला आहे. दंडीच्या शैलीची थोरवी सांगताना तो वापरला जातो आणि तेथे ‘पद’ म्हणजे शब्द. मराठी क्रीडापत्रकारितेने त्यातील ‘पद’ पायाकडे वळवले व शब्द रूढ झाला. मात्र ‘लालित्य’ या अंशामुळे ही केवळ शोभेची गोष्ट आहे असा समज होतो. टेनिसमध्ये तिचा संबंध सौंदर्याशी कमी आणि काटकसरीशी अधिक आहे.

मैदानाची मापे

टेनिसचे मैदान २३.७७ मीटर लांब असते. एकेरीसाठी त्याची रुंदी ८.२३ मीटर व दुहेरीसाठी १०.९७ मीटर असते. जाळ्याची उंची मध्यभागी ०.९१४ मीटर, तर खांबांपाशी १.०७ मीटर असते. सर्व्हिसची रेषा जाळ्यापासून ६.४० मीटरवर असते. तिच्यामागे बेसलाइनपर्यंत सुमारे साडेपाच मीटरचा पट्टा उरतो.

या आकड्यांतून एक महत्त्वाची गोष्ट निघते. एका कोपऱ्यातून समोरच्या तिरप्या कोपऱ्यात मारलेला फटका, ज्याला क्रॉसकोर्ट म्हणतात, तो जाळ्याच्या सखल भागावरून जातो आणि त्याला सुमारे २५.१५ मीटर लांबी मिळते. बाजूच्या रेषेला समांतर मारलेल्या फटक्याला २३.७७ मीटरच मिळतात व तो जाळ्याच्या उंच भागावरून न्यावा लागतो. म्हणजे तिरप्या फटक्यात चूक पोटात घालण्यास जागा जास्त असते.

फटक्यानंतरची जागा

‘फटका मारला की मध्यावर परत या’ असे नवख्यांना शिकवले जाते. आरंभी हे पुरेसे आहे, पण ते अर्धसत्य आहे. योग्य जागा मैदानाच्या मध्यावर नसून प्रतिस्पर्धी मारू शकेल अशा फटक्यांच्या मध्यावर असते. प्रतिस्पर्ध्याच्या चेंडूपासून दोन रेषा कल्पाव्यात: एक त्याच्या सर्वांत सरळ फटक्याची, दुसरी सर्वांत तिरप्या फटक्याची. या दोहोंमधील कोन दुभागणाऱ्या रेषेवर उभे राहिले की दोन्ही बाजूंचे चेंडू सारख्याच आवाक्यात येतात.

समजा, खेळाडू आपल्या उजव्या कोपऱ्यात आहे आणि त्याने क्रॉसकोर्ट फटका मारला. चेंडू समोर त्याच्या डाव्या हाताला गेला. आता प्रतिस्पर्ध्याचा सरळ फटका खेळाडूच्या डाव्या रेषेलगत येईल, आणि तिरपा फटका उजवीकडे मैदानाबाहेर ओढून नेईल. मैदानाच्या मापांवरून हिशेब केला तर कोनाची दुभाजक रेषा बेसलाइनला मध्यखुणेच्या उजवीकडे सुमारे एक मीटरवर छेदते. कोपऱ्यातून तेथे येण्यास सुमारे ३ मीटर चालावे लागते. त्याच कोपऱ्यातून त्याने रेषेला समांतर फटका मारला असता, तर योग्य जागा मध्यखुणेच्या डावीकडे एक मीटर गेली असती. मग अंतर ५ मीटर होते.

हौशी खेळातील मध्यम वेगाचा चेंडू समोर जाऊन प्रतिस्पर्ध्याच्या रॅकेटला लागेपर्यंत साधारण दीड सेकंद जातो. तेवढ्यात ३ मीटर जाऊन स्थिर उभे राहणे बहुतेकांना जमते; ५ मीटरसाठी धावावे लागते आणि थांबायला वेळ उरत नाही. पन्नाशी-साठीतल्या खेळाडूने कोपऱ्यात ओढले गेल्यावर तिरपा व उंच फटका का निवडावा, याचे उत्तर या दोन मीटरांत आहे. समांतर फटका चेंडू आखूड आला असता किंवा स्वतःचा तोल पूर्ण सावरलेला असतानाच खेळावा.

जाळ्याजवळ आल्यावर हेच गणित उलटे दिसते आणि पुष्कळांचा तेथे गोंधळ होतो. बेसलाइनवरची योग्य जागा मध्याच्या विरुद्ध बाजूस असते, तर जाळ्याजवळची चेंडूच्याच बाजूस. समोरच्या डाव्या कोपऱ्यात चेंडू मारून पुढे आलेल्याने मध्यापासून सुमारे एक मीटर डावीकडे उभे राहावे. दुभाजक रेषा तीच असते. आपण तिच्यावर चेंडूच्या अधिक जवळ गेलेले असतो, एवढाच फरक.

बेसलाइन व सर्व्हिसची रेषा यांमधील पट्ट्यात उभे राहू नये, असा संकेत आहे. तेथे चेंडू पायाशी पडतो. व्हॉली करावी तर तो फार खाली असतो, उसळू द्यावा तर मागे सरायला वेळ नसतो. आखूड चेंडू घेण्यासाठी या पट्ट्यात जावेच लागते, परंतु फटक्यानंतर पुढे जायचे की मागे, हे तत्काळ ठरवावे.

पावलांची हालचाल

प्रतिस्पर्धी चेंडूला रॅकेट लावण्याच्या बेतात असताना घेतलेल्या लहानशा उडीला स्प्लिट स्टेप म्हणतात. पाय खांद्यांहून किंचित रुंद ठेवून, गुडघे वाकवून, चवड्यांवर उतरायचे असते. चेंडू कोणीकडे निघाला हे कळते त्या क्षणी पाय जमिनीला टेकत असावेत, म्हणजे त्या टेकण्यातूनच बाजूला झेप घेता येते. टाचांवर उभा असलेला माणूस आधी भार पुढे आणतो आणि मगच हलतो. ठरलेल्या जागी पोचण्यापूर्वीच प्रतिस्पर्धी फटका मारू लागला, तर असेल तेथे थांबून ही उडी घ्यावी. योग्य जागेकडे धावत असणे हे चुकीच्या जागी स्थिर असण्याहून वाईट, कारण मग चेंडू पाठीमागे येतो.

चेंडूकडे जाताना पहिले पाऊल मोठे व जोरकस असते, जवळ गेल्यावर पावले लहान होत जातात. फटका मारण्याचे अंतर या शेवटच्या लहान पावलांनीच जुळते. हौशी खेळाडू नेमके तेथेच थांबतात व उरलेले अंतर हात लांबवून भरून काढतात. परतताना पहिले पाऊल तिरपे टाकून पुढची पावले बाजूने सरकत टाकावीत आणि छाती जाळ्याकडे ठेवावी.

डोक्यावरून गेलेल्या लॉबसाठी तोंड पुढे ठेवून उलटे धावणे मात्र कटाक्षाने टाळावे. त्यात टाच अडखळून माणूस पाठीवर पडतो, आणि सावरण्यासाठी मागे टेकलेल्या हाताचे मनगट मोडते. आधी अंग आडवे वळवावे, मग पावले फुली मारत मागे जावे. मध्यमवयीन खेळाडूंत अचानक झेप घेताना पोटरीचा स्नायू फाटण्याची इजा इतकी नेहमीची आहे की तिला ‘टेनिस लेग’ असे नाव पडले आहे. खेळापूर्वी पाच-दहा मिनिटे अंग गरम करावे. धावण्याच्या बुटांना बाजूचा आधार कमी असतो. ते वापरू नयेत.

दुहेरी

हौशी टेनिस बहुधा दुहेरीतच खेळले जाते. येथे दोघांमधील अंतर कायम राखणे हे मुख्य सूत्र होय. एक जण बाजूला ओढला गेला की दुसऱ्याने त्याच बाजूला सरकावे. मोकळी सोडायची ती दूरची कड, मधली फट नव्हे. एक पुढे व एक मागे ही रचना सर्वत्र दिसते, पण तिच्यात दोघांमधून तिरपी वाट उघडी राहते. शक्य होताच मागच्याने पुढे यावे. लॉब आल्यास ‘माझा’ किंवा ‘तुझा’ असे मोठ्याने सांगावे, अन्यथा टक्कर होते.

महाराष्ट्रातील संदर्भ व सराव

सांगलीत जन्मलेले नंदू नाटेकर (१९३३–२०२१) हे पदलालित्यासाठी नावाजलेले बॅडमिंटनपटू आरंभी टेनिस खेळत. कनिष्ठ राष्ट्रीय टेनिस स्पर्धेच्या अंतिम सामन्यात रामनाथन कृष्णन यांच्याकडून हरल्यावर ते बॅडमिंटनकडे वळले. त्यांचे पुत्र गौरव नाटेकर यांनी १९९४ च्या हिरोशिमा आशियाई स्पर्धेत लिअँडर पेस यांच्यासह पुरुष दुहेरीचे सुवर्णपदक मिळवले. पुण्यात बालेवाडीच्या क्रीडासंकुलात २०१८ पासून २०२३ पर्यंत एटीपी मालिकेतील महाराष्ट्र ओपन स्पर्धा झाली, आणि सोलापुरातही महिलांच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धा भरल्या आहेत.

मराठी मुलखातील देशी खेळांत या हालचालींचे नातलग आढळतात. आट्यापाट्यांत पाटीवरचा गडी समोरच्यावर नजर ठेवून रेषेवर बाजूने सरकतो. टेनिसमधील परतीची चाल जवळजवळ तीच आहे. खो-खोतील पाठलाग करणाऱ्याला घेतलेली दिशा खांब गाठेपर्यंत बदलता येत नाही, त्यामुळे त्याचे धावणे टेनिसला फारसे उपयोगी नाही. हुलकावणी देणाऱ्या धावकाचे चवड्यांवरचे उभे राहणे मात्र उपयोगी आहे.

अक्कलकोट, दुधनी यांसारख्या लहान गावांतील विद्यार्थ्यांना पदलालित्याचा सराव टेनिस कोर्टाशिवायही करता येतो. खो-खोचे मैदान २७ मीटर लांब व १६ मीटर रुंद असते. त्यात एकेरीचे कोर्ट सहज मावते. फक्कीने ८.२३ मीटरची बेसलाइन आखावी, मध्यखूण करावी आणि तिच्या दोन्ही बाजूंना एक-एक मीटरवर आणखी खुणा कराव्यात. एकाने ‘तिरपा’ किंवा ‘सरळ’ असे पुकारावे. दुसऱ्याने कोपऱ्यात रिकाम्या हाताने फटक्याचा अभिनय करून त्या-त्या खुणेवर यावे, आणि टाळी वाजताच स्प्लिट स्टेप घ्यावी. टाळी फटक्यापासून दीड सेकंदाने वाजवावी.