‘आपला’ भूतकाळ की ‘आमचा’? : ब्रिटनमधील उद्यानबंदी आणि हौशी धातुशोधक

(१)

भूमीखाली दडलेल्या धनाविषयीचे कुतूहल फार प्राचीन आहे. परंतु ते धन हुडकून काढणारे यंत्र सामान्य माणसाच्या हाती आले, त्यास अवघे अर्धशतक लोटले आहे. दुसऱ्या महायुद्धात पेरलेले सुरुंग शोधण्यासाठी जी यंत्रे निघाली, त्यांत पोलिश अधिकारी युझेफ कोसात्स्की यांच्या यंत्राचे स्थान महत्त्वाचे आहे. १९४२ साली एल् अलामेनच्या रणभूमीवर ते उपयोगात आणले गेले. युद्धानंतर ट्रान्झिस्टर आला, यंत्रे हलकी व स्वस्त झाली आणि साठी-सत्तरीच्या दशकांत ब्रिटनमधील हजारो गिरणी-कामगार, कारकून, शिक्षक व निवृत्त गृहस्थ सुटीच्या दिवशी खांद्यावर ‘मेटल डिटेक्टर’ टाकून बाहेर पडू लागले.

शहरात राहणाऱ्या या माणसांस शेताचा मालक कोठून भेटणार? घरापासून चालत जाता येईल अशी मोकळी जमीन म्हणजे सार्वजनिक उद्यान. तेथेच ही मंडळी प्रथम गेली आणि तेथेच त्यांना पहिला मज्जाव झाला. या मज्जावाचे स्वरूप काय होते, हौशी शोधकांनी त्यास कोणकोणत्या प्रकारे उत्तर दिले आणि या वादातून अखेरीस काय निष्पन्न झाले, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. लेखकाचा व्यासंग भाषाशास्त्राचा असल्यामुळे वादातील काही शब्दांकडे थोडे अधिक लक्ष दिले आहे. तथापि ते केवळ शब्दांच्या हौसेने नव्हे. या वादाचे निर्णय अनेकदा शब्दांवरच लागले आहेत.

(२)

उद्यानांतील बंदी दोन प्रकारची होती, हे प्रथम ध्यानात घेतले पाहिजे. १८७५ चा सार्वजनिक आरोग्य कायदा व १९०६ चा मोकळ्या जागांचा कायदा यांच्या आधारे स्थानिक मंडळांस उद्यानांविषयी पोटनियम करता येतात आणि त्यांचा भंग हा गुन्हा ठरतो. अशा पोटनियमांच्या शासकीय नमुन्यात धातुशोधक यंत्रांविषयीचे कलमही आढळते. दुसरा प्रकार अधिक साधा होता. उद्यानाचे मालक या नात्याने मंडळाने ‘परवानगी नाही’ असे धोरण ठरवावयाचे व फाटकावर फलक लावावयाचा. येथे गुन्हा घडत नाही. उल्लंघन झालेच, तर ते दिवाणी स्वरूपाचे असते.

राष्ट्रीय पातळीवर १९७९ च्या प्राचीन स्मारकांच्या कायद्यातील ४२ व्या कलमाने संरक्षित स्थळी परवानगीवाचून असे यंत्र वापरणे हा गुन्हा ठरविला. हा निर्बंध विशिष्ट स्थळांपुरता मर्यादित होता व त्यास विचारी शोधकांचा फारसा विरोध असण्याचे कारण नव्हते. उद्यानातील बंदी मात्र सरसकट होती. खणलेल्या खड्ड्यांत मुलांचे पाय अडकतात, हिरवळ उखडली जाते, ही तिची व्यावहारिक कारणे. त्यांच्यापाठी उभे राहिले पुरातत्त्वज्ञांचे कारण आणि ते अधिक गंभीर होते.

जमिनीच्या कोणत्या थरात, कोणत्या वस्तूंच्या सान्निध्यात एखादे नाणे पडले होते, हे कळले तरच ते नाणे इतिहासाचे साधन होते. उचलून खिशात घातलेले नाणे हे धातूचा तुकडा म्हणून उरते. सरे परगण्यातील वॉनबरो येथील रोमनकालीन मंदिराच्या स्थळाची १९८३ ते १९८५ या काळात जी लूट झाली, ती पाहिली म्हणजे पुरातत्त्वज्ञांचा संताप अनाठायी नव्हता, हे पटते. तेथील हजारो नाणी खणून नेली गेली आणि त्यांचे उपलब्धिस्थान कायमचे पुसले गेले.

(३)

१९८० साली ब्रिटिश पुरातत्त्व परिषद व तिच्या सहकारी संस्था यांनी या छंदाविरुद्ध एक मोहीम उघडली. तिचे संक्षिप्त नाव ‘स्टॉप’ आणि विस्तृत नाव ‘स्टॉप टेकिंग आवर पास्ट’ असे होते. या घोषणेचे मराठी भाषांतर करू जाता एक अडचण उभी राहते, आणि ती उद्‌बोधक आहे. मराठीत ऐकणाऱ्यास अंतर्भूत करणारा ‘आपला’ आणि त्यास वगळणारा ‘आमचा’ असे दोन निराळे शब्द आहेत. इंग्रजीतील ‘आवर’ हा एकच शब्द दोन्ही कामे करतो. घोषणा करणाऱ्यांच्या मनात ‘आपला सर्वांचा भूतकाळ’ हा अर्थ होता, हे उघड आहे. पण ज्यांना उद्देशून ती केली, त्यांच्या कानी ‘आमचा भूतकाळ नेऊ नका’ असाच अर्थ पडला. आमचा म्हणजे कोणाचा? विद्यापीठांतल्या आणि संग्रहालयांतल्या मंडळींचा, असे उत्तर हौशी शोधकांनी स्वतःच देऊन टाकले.

त्यांची पहिली प्रतिक्रिया संघटनेची होती. ‘डिटेक्टर इन्फर्मेशन ग्रुप’ या नावाने त्यांनी प्रतिमोहीम चालविली. या नावाच्या आद्याक्षरांचा शब्द होतो ‘डिग’, म्हणजे ‘खणा’! १९८१ साली राष्ट्रीय धातुशोधन परिषद स्थापन झाली. शोधकांचे युक्तिवाद साधारणपणे असे होते : उद्यान हे जनतेचे आहे व आम्ही जनताच आहोत. तेथे सापडतात त्या बहुधा कालपरवा हरवलेल्या अंगठ्या व चलनी नाणी. हिरवळीचा तुकडा नीट कापून तो पूर्ववत बसविता येतो. आणि चार दांडगट माणसांच्या अपराधासाठी सर्वांना शिक्षा नको.

दुसरी प्रतिक्रिया नामांतराची होती. आरंभी या छंदास ‘ट्रेझर हंटिंग’ म्हणजे ‘धनाची शिकार’ असे म्हणत, आणि त्याच नावाचे मासिकही निघत असे. शिकारी या शब्दाने आपली बदनामी होते, हे ध्यानात आल्यावर ‘डिटेक्टरिस्ट’ हा नवा शब्द पुढे आला. यंत्र ते डिटेक्टर आणि माणूस तो डिटेक्टरिस्ट, हा भेद छंदिष्ट आजही कटाक्षाने पाळतात. (मराठी ‘शोधक’ या शब्दात यंत्र व माणूस दोन्ही सामावतात. आपल्या भाषेत हा वाद झाला असता, तर येथे आपली पंचाईत झाली असती.) रात्री चोरून खणणाऱ्यांस ‘नाइटहॉक’ म्हणजे निशाचर असे निराळे नाव पडले व प्रामाणिक शोधक त्यांच्यापासून आपणांस अलग दाखवू लागले. गटाने आपल्यातील अपराध्यास स्वतंत्र नाव दिले, ही आत्मनियमनाची पहिली पायरी होय.

(४)

उद्यानबंदीचा खरा कस न्यायालयात लागला. १९९२ साली सरे परगण्यातील फार्नहॅम पार्क या सार्वजनिक उद्यानात एका शोधकास सुमारे नऊ इंच खोलीवर मध्ययुगीन सोन्याचा एक ब्रोच सापडला. यंत्रे वापरू न देण्याचे वेव्हर्ली नगरसभेचे धोरण होते, परंतु त्याविषयीचे फलक जागेवर राहिले नव्हते. शोधकाने प्रामाणिकपणे खबर दिली. कॉरोनरपुढे चौकशी झाली. हा अधिकारी जुन्या मुंबईकरांस चांगला परिचित होता. इंग्लिश विधिपरंपरेनुसार ‘ट्रेझर ट्रोव्ह’ ठरण्यास वस्तू परत नेण्याच्या हेतूने लपविलेली असावी लागे. ब्रोच केवळ हरवलेला होता, म्हणून तो राजधन ठरला नाही व शोधकास परत मिळाला. मग नगरसभेने दावा लावला.

पहिल्या न्यायालयात शोधक जिंकला, परंतु १९९५ साली अपील न्यायालयाने निर्णय फिरविला. त्याचा गाभा दोन विभक्तिरूपांत सांगता येतो. वस्तू ‘जमिनीत’ असेल, तर सापडविणाऱ्यापेक्षा भूस्वामीचा हक्क श्रेष्ठ. ती ‘जमिनीवर’ सुटी पडलेली असेल, तर भूस्वामीने त्या जागेवर व तेथील वस्तूंवर ताबा गाजविण्याचा इरादा प्रकट केला असेल तरच त्याचा हक्क श्रेष्ठ. शिवाय उद्यानात येण्याची जी मुभा जनतेस आहे, ती करमणुकीची आहे, खणण्याची नव्हे. कुदळ मातीत रुतली, त्या क्षणी अभ्यागत अतिक्रमी झाला.

‘उद्यान जनतेचे आहे’ या शोधकांच्या मुख्य युक्तिवादास येथे उत्तर मिळाले. सार्वजनिक म्हणजे सर्वांच्या उपयोगाचे, सर्वांच्या मालकीचे नव्हे. निर्णय कायद्याच्या दृष्टीने निर्दोष वाटतो. परंतु त्याचा एक कटू अर्थही होता. ज्याने खबर दिली त्याने वस्तू गमावली, आणि जो गप्प बसला असता त्याच्या हाती ती राहिली असती.

(५)

येथे शब्दव्युत्पत्तीची एक गंमत नमूद करणे अप्रस्तुत होणार नाही. ‘ट्रेझर ट्रोव्ह’ मधील ‘ट्रोव्ह’ हे मूळ अँग्लो-फ्रेंच भूतकालवाचक धातुसाधित आहे. त्याचा अर्थ ‘सापडलेले’. आपल्याकडील कायद्यात वापरला जाणारा ‘निखात’ हा शब्दही तसाच धातुसाधित, पण त्याचा अर्थ ‘पुरलेले’. म्हणजे इंग्रजी संज्ञा सापडविणाऱ्याचे स्मरण ठेवते, तर संस्कृत संज्ञा पुरणाऱ्याचे. व्यवहारात मात्र उलट झाले. इंग्लिश विधी पुरणाऱ्याच्या हेतूचा शोध घेत बसला. याउलट १८७८ च्या भारतीय निखात निधी कायद्याने जमिनीत दडलेली कोणत्याही मोलाची वस्तू म्हणजे निधी, अशी व्यापक व्याख्या केली, दहा रुपयांहून अधिक मोलाच्या निधीची खबर कलेक्टरास देणे बंधनकारक केले व सापडविणाऱ्याचा वाटा आखून दिला. कौटिल्यानेही निधीची खबर देणाऱ्यास सहावा व वेतनावरील सेवकास बारावा भाग सांगितला आहे. खबर हवी असेल तर खबर देणाऱ्यास काही मिळाले पाहिजे, हे व्यवहारज्ञान जुने आहे.

ब्रिटनमध्ये हे ज्ञान प्रथम अमलात आले ते नॉरफोकमध्ये. सत्तरीच्या अखेरीपासून टोनी ग्रेगरी व त्यांचे सहकारी शोधकांच्या मंडळांत जाऊन बसू लागले. त्यांनी वस्तू हिरावून घेतल्या नाहीत. त्या पाहिल्या, ओळखल्या, उपलब्धिस्थानासह नोंदल्या व परत दिल्या. ‘स्टॉप’ मोहीम जोरात असताना हे धोरण काहींस शरणागतीसारखे वाटले. परंतु नांगराने आधीच विसकटलेल्या मातीतून मिळालेल्या या नोंदींनी तेथील प्राचीन वसाहतींचा नकाशा कितीतरी भरून निघाला. १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत इंग्लंडात दरवर्षी सुमारे चार लाख वस्तू यंत्रांनी सापडत असाव्यात, असा अंदाज व्यक्त झाला. त्यांतील फारच थोड्यांची नोंद होत होती.

पुढील घटना सर्वज्ञात आहेत. १९९६ चा निधी कायदा १९९७ पासून अमलात आला आणि पुरणाऱ्याच्या हेतूची अट गेली. साधारणतः तीनशे वर्षांहून जुनी व निदान दहा टक्के सोने-चांदी असलेली वस्तू ‘निधी’ ठरू लागली. म्हणजे फार्नहॅमचा ब्रोच पाच वर्षे उशिरा सापडता, तर तो निधी झाला असता. त्याच वर्षी सुरू झालेल्या ऐच्छिक नोंदणी योजनेत आजवर पंधरा लाखांहून अधिक वस्तूंची नोंद झाली आहे. २००६ साली शोधक व पुरातत्त्वज्ञ यांच्या संस्थांनी एकत्र येऊन जबाबदार शोधनाची आचारसंहिता संमत केली. २००९ साली सापडलेल्या स्टॅफर्डशरच्या निधीचे बत्तीस लाख पंचाऐंशी हजार पौंड शोधक व शेतमालक यांत समान वाटले गेले.

(६)

उद्यानांतील बंदी मात्र अनेक ठिकाणी तशीच राहिली, आणि ती उठवावी असे प्रस्तुत लेखकाचे म्हणणे नाही. हिरवळीखालचे थर बहुधा नांगराने विसकटलेले नसतात. म्हणूनच तेथे खणणे अधिक घातक ठरते. परंतु बंदीने शोधकाचे पाऊल थांबते, त्याचे कुतूहल थांबत नाही. ते दुसरीकडे वळते. ते अंधारात वळेल की नोंदवहीकडे, हे विद्वानांच्या वर्तनावर बरेच अवलंबून असते. नॉरफोकने हे दाखवून दिले आणि वॉनबरोने त्याची दुसरी बाजू दाखविली.

आपल्याकडेही शेत नांगरताना वा विहीर खणताना सापडलेली नाणी संशोधकापर्यंत पोहोचण्यापूर्वी सोनाराच्या मुशीत वितळतात. त्या शेतकऱ्याशी बोलताना आपण ‘आपला इतिहास’ म्हणतो खरे. त्याच्या कानी ‘आमचा’ असे पडत नाही ना, एवढे संशोधकाने स्वतःस विचारून पाहावे.