गावातलं घर विकायचंय? किंमत सांगण्याआधी हा हिशेब करा

गावातलं घर विकायला काढलं की पहिला प्रश्न येतो, "किती सांगायचे?" शेतमालाचा भाव बाजार समितीत कळतो, जनावराचा भाव आठवडी बाजारात कळतो. घराचं तसं नसतं. एका गावात वर्षाला दोन-चार घरं विकली जातात आणि खरा आकडा घेणारा-देणारा दोघंही सांगत नाहीत. मग पारावर जो आकडा ऐकला तोच आपण धरून बसतो.

आमच्या घरात हीच चूक झाली, म्हणून आधी तेच सांगतो.

आमचा अनुभव

वडिलांच्या माघारी गावठाणातलं जुनं माळवदाचं घर आम्ही दोघं भाऊ आणि बहीण यांच्या नावावर आलं. मी मळ्यात राहतो, भाऊ पुण्याला, बहीण सासरी. राहायला कोणीच नव्हतं, म्हणून विकायचं ठरलं. कोणीतरी म्हणालं, "रस्ता मोठा होणार आहे, बारा लाखाच्या खाली बोलू नका." आम्ही बारा सांगितले. महिन्याभरात शेजारचाच एकजण साडेसात लाख द्यायला तयार झाला. आम्ही त्याला हसून परत पाठवलं.

त्यानंतर तीन पावसाळे घर बंद राहिलं. माळवदावर दरवर्षी पावसाआधी माती टाकावी लागते, ती कोणी टाकली नाही. पाणी मुरलं, मागची भिंत बसली. शेवटी त्याच शेजाऱ्याने मोकळी जागा म्हणून पाच लाख चाळीस हजाराला घेतलं. दोन लाख दहा हजारांचा फटका बसला. अडीच लाखाच्या जागी प्रत्येकाच्या वाट्याला एक लाख ऐंशी हजार आले. बहिणीने तो पैसा मुलीच्या नर्सिंगच्या फीसाठी धरला होता. कमी पडले ते तिला व्याजाने काढावे लागले. तिने कधी बोलून दाखवलं नाही, पण चूक आमच्या आकड्याची होती.

म्हणून सांगतो, किंमत गरजेवरून, हौसेवरून किंवा पारावरच्या गप्पांवरून ठरवू नका. खाली दिलेल्या क्रमाने जा.

१. आधी फूटपट्टी, मग आकडा

गावठाणातल्या घराला सातबारा नसतो. ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा असतो, लोक त्याला 'घराचा आठ-अ' म्हणतात. त्यावर लांबी, रुंदी, क्षेत्रफळ लिहिलेलं असतं. पण ते जागेवर जुळेलच असं नाही. शेजाऱ्यांना बोलावून त्यांच्यासमोर टेप लावा. समजा तुम्ही हजार चौरस फूट सांगितलं आणि घेणाऱ्याने मोजल्यावर ८८० भरलं, तर फुटाला चारशेने ४८ हजार तो तिथेच तोडणार. वर तुमच्या बाकीच्या बोलण्यावरचा विश्वासही जाणार.

एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट. "अंदाजे गुंठाभर आहे" असं बोलू नका, फुटातच सांगा. हद्दीचा वाद असेल तर भूमी अभिलेख कार्यालयाची मोजणी करून घेतलेली बरी.

२. कागद बघा, कारण किंमत कागदावरही ठरते

नमुना ८ हा कर आकारणीचा उतारा आहे. तो एकटा मालकीचा पक्का पुरावा धरला जात नाही. केंद्र सरकारची स्वामित्व योजना २४ एप्रिल २०२० ला सुरू झाली. तिच्यात ड्रोनने गावठाणाची मोजणी होऊन मिळकत पत्रिका म्हणजे प्रॉपर्टी कार्ड मिळतं. तुमच्या गावात हे काम झालं असेल तर कार्ड काढून घ्या आणि त्यावरची नावं, क्षेत्र तपासा.

कार्ड असलं की कर्ज काढून घेणारा गिऱ्हाईकही तुमच्याकडे येऊ शकतो. नसलं तर बहुतेक वेळा रोकडा पैसा असणाराच येतो. असे गावात मोजके असतात आणि ते दाबून मागतात. म्हणजे घर तेच, पण कागद पुरे नसतील तर भाव खाली येतो.

हे कागद आधी जमवा:
- नमुना ८ चा ताजा उतारा आणि घरपट्टी, पाणीपट्टी भरल्याच्या पावत्या
- मिळकत पत्रिका किंवा सनद, मिळाली असल्यास
- जुनं खरेदीखत किंवा वाटणीपत्र
- सगळ्या वारसांची नोंद, बहिणींसह
- बँक किंवा सोसायटीचा बोजा असल्यास तो फेडल्याचा दाखला

बहिणींचं नाव विसरू नका. वडिलोपार्जित मिळकतीत २००५ च्या दुरुस्तीपासून मुलीला मुलाइतकाच हक्क आहे. बहीण हक्क सोडणार असेल तर तिच्या राजीखुशीने नोंदणीकृत हक्कसोड पत्र करा. नाहीतर खरेदीखतावर तिची सही आणि पैशात तिचा वाटा. "बहिणीचं बघू नंतर" म्हटलं की शहाणा घेणारा एक तर निघून जातो, नाहीतर तेवढा धोका किमतीतून कापतो.

शेतात बिगरशेती न करता बांधलेलं घर, सरकारने दिलेल्या वर्ग २ च्या जागेवरचं घर किंवा घरकुल असेल तर प्रकरण वेगळं आहे. वर्ग २ ला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. तिथे किंमत बोलण्याआधी तलाठी आणि ग्रामसेवक यांच्याकडे विचारून घ्या.

३. रेडी रेकनर बघा, पण तोच भाव समजू नका

नोंदणी व मुद्रांक विभाग गावनिहाय जमिनीचे दर जाहीर करतो, त्याला आपण रेडी रेकनर म्हणतो. विभागाच्या साईटवर जिल्हा, तालुका, गाव निवडून तो मोबाईलवर बघता येतो. मुद्रांक शुल्क या दराने येणारी किंमत किंवा करारातली किंमत, यात जी जास्त असेल तिच्यावर लागतं.

हा सरकारी दर शुल्क काढण्यासाठी आहे. गावातला खरा भाव त्यापेक्षा जास्त असू शकतो, कमीही असू शकतो. पण तो माहीत असला म्हणजे आपण अगदीच अंधारात नसतो.

४. शेजारची तीन घरं कितीला गेली ते काढा

सगळ्यात कामाची पायरी हीच. गेल्या दोन वर्षांत तुमच्या गावात विकल्या गेलेल्या तीन तरी जागा शोधा. विभागाच्या साईटवर 'ई-सर्च' मध्ये गाव आणि मिळकत क्रमांक टाकून सूची क्रमांक २ बघता येते. मात्र खरेदीखतात पुष्कळदा कमी आकडा लिहिलेला असतो आणि पारावर जास्त सांगितला जातो. खरा भाव या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी सापडतो. ज्याने घर घेतलं त्यालाच एकदा चहाला बसवून विचारा.

एक उदाहरण घेऊ. आकडे समजण्यापुरते आहेत. तुमची जागा २५ बाय ४० म्हणजे १,००० चौरस फूट. गावात हे व्यवहार झाले:

- पुढच्या गल्लीत ९०० फूट मोकळी जागा ३ लाख ६० हजाराला. फुटाला ४०० रुपये.
- आतल्या बोळात, ट्रॅक्टर जात नाही तिथे, पडकं घर १,२०० फूट ३ लाख ६० हजाराला. फुटाला ३०० रुपये.
- एसटी स्टँडजवळ रस्त्याला लागून ६०० फूट ४ लाख ८० हजाराला. फुटाला ८०० रुपये.

तुमच्या दारात पिकअप येतो, पण दुकानाची जागा नाही. म्हणून तुमचा भाव पहिल्यासारखा, फुटाला ४००. स्टँडजवळचा आठशेचा भाव ऐकून हुरळून जायचं नाही. जागेचे झाले ४ लाख.

५. बांधकामाचे पैसे वेगळे काढा

समजा त्या जागेत ४५० फूट स्लॅबचं बांधकाम आहे, बारा वर्षं जुनं. आज तसं बांधायला फुटाला १,५०० धरले तर ६ लाख ७५ हजार. स्लॅबच्या घराचं आयुष्य साठ वर्षं धरलं तर बारा वर्षांचा पाचवा हिस्सा वजा. राहिले ५ लाख ४० हजार. स्लॅब गळतोय, दुरुस्तीला ४० हजार लागणार, तेही वजा. बांधकामाचे ५ लाख, जागेचे ४ लाख, मिळून ९ लाख.

आपण हौसेने बसवलेली फरशी, रंगीत कंपाउंड, देवघराची टाइल, याचे पूर्ण पैसे गावात मिळत नाहीत. बोअरला पाणी, स्वतंत्र मीटर, शौचालय, दारात गाडी येणं, याला मात्र घेणारा पैसे मोजतो.

दगडमातीच्या आणि माळवदाच्या घरांचा हिशेब निराळा. सोलापूर, धाराशिव, लातूर पट्ट्यात अशी घरं पुष्कळ आहेत. पण ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात दगडमातीच्या जाड भिंती आणि वरची माती अंगावर येऊन माणसं गेली. तेव्हापासून इकडे अशा घरात झोपायलाच लोक कचरतात. त्यामुळे अशा घराची किंमत बहुतेक मोकळ्या जागेइतकीच लागते. त्यातून पाडायचा खर्चही घेणारा कापतो. मात्र खांब, तुळया, चौकट सागवानी असेल तर लाकडाचा भाव जुनं लाकूड घेणाऱ्याकडून वेगळा काढा. व्यवहारात "लाकडासह की लाकूड सोडून" हे आधीच बोला. आम्ही बोललो नाही, सागवानी चौकट फुकटात गेली.

६. दोन आकडे ठरवा: सांगायचा आणि सोडायचा

हिशेबाने ९ लाख आले. सांगायचा आकडा त्याच्या थोडा वर, साडेनऊच्या आसपास. सोडायचा आकडा, म्हणजे याच्या खाली नाही असा, साडेआठ. तो भावंडांनी बसून आधीच ठरवावा आणि बाहेर कोणालाही सांगू नये. गावात घासाघीस होणारच, म्हणून थोडी जागा ठेवायची. पण नऊच्या घराचे चौदा सांगितले तर खरं गिऱ्हाईक दारातच येत नाही.

घेणाऱ्याच्या खिशाचाही विचार करा. ग्रामपंचायत हद्दीत मुद्रांक शुल्क साधारण चार टक्के, त्यात जिल्हा परिषदेचा एक टक्का आला. शहराच्या प्रभाव क्षेत्रातल्या गावांना जास्त बसतं. नोंदणी फी एक टक्का, जास्तीत जास्त ३० हजार. म्हणजे नऊ लाखाच्या घराला त्याला वर ४५ हजार लागतात. राहतं घर महिलेच्या नावावर घेतलं तर शुल्कात एक टक्का सवलत आहे, हे त्याला सांगा. तेवढ्यावरही सौदा जुळतो.

७. कोणाला आणि कधी विचारायचं

पहिलं गिऱ्हाईक म्हणजे भिंतीला भिंत लागून असलेला शेजारी. त्याला तुमची जागा जोडून मिळते, म्हणून इतरांपेक्षा दोन पैसे जास्त देणं त्याला परवडतं. भाऊबंदालाही आधी विचारा, नाहीतर मागून वाद निघतो. पण "आपल्यातच आहे" म्हणून सोडायच्या आकड्याच्या खाली जाऊ नका.

गावात पैसा उसाचं बिल आल्यावर किंवा सोयाबीन, कांदा विकल्यावर फिरतो. दिवाळीनंतर अक्षय तृतीयेपर्यंतचा काळ बरा. पावसाळ्यात पेरणीला पैसा अडकलेला असतो आणि गळती उघडी पडते.

८. किंमत चुकली हे कसं ओळखायचं

- दोन-तीन महिन्यांत कोणी बघायलाच आलं नाही, तर आकडा फार वर आहे.
- पाच जण आले आणि सगळे साडेआठच्या आसपासच बोलतात, तर तोच तुमच्या घराचा भाव.
- पहिल्याच दिवशी घासाघीस न करता कोणी हो म्हणाला, तर थांबा. तीन व्यवहारांचा हिशेब पुन्हा तपासा.

उतरायचं असेल तर एकदाच नीट उतरा. दर महिन्याला पंचवीस हजार कमी करत गेलात तर लोक म्हणतात, "थांबा, अजून उतरेल."

९. पैसे घेताना

घराच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रोख घेता येत नाही. घेतली तर तेवढाच दंड घेणाऱ्यावर, म्हणजे पैसे घेणाऱ्या तुमच्यावर बसू शकतो. पैसे बँकेतूनच घ्या. विसार घेताना पावतीवर पूर्ण किंमत, राहिलेली रक्कम आणि खरेदीखताची मुदत लिहा. पूर्ण पैसे खात्यात आल्याशिवाय ताबा देऊ नका.

गावाकडच्या शेतजमिनीच्या विक्रीवर भांडवली नफ्याचा कर नसतो, पण घराच्या विक्रीवर असतो. खरेदीखतात मुद्दाम कमी आकडा लिहूनही सुटका नाही. तो रेडी रेकनरच्या किमतीपेक्षा दहा टक्क्यांहून जास्त खाली असेल तर आयकर खातं रेडी रेकनरचीच किंमत धरतं. जुन्या घराला १ एप्रिल २००१ ची किंमत धरता येते, त्यामुळे कर पुष्कळदा थोडाच निघतो. तालुक्याच्या कर सल्लागाराला आधी विचारा.

जाता जाता

घर लगेच विकायचं नसेल तरी बंद ठेवू नका. कोणाला तरी राहायला द्या, भाडेकराराचा कागद करून. चूल पेटत राहिली तर घर टिकतं आणि भावही टिकतो. विकायचंच असेल तर येत्या रविवारी भावंडांना फोन लावा, टेप घ्या, उतारा काढा आणि शेजारच्या तीन व्यवहारांचे आकडे वहीत लिहा. "किती?" असं कोणी विचारायला येईल त्याआधी तुमचा हिशेब तयार पाहिजे.