राणीची पिल्लं आणि १८३२ ची दंगल

गेल्या शनिवारी राहुरीला घरी गेलो होतो. चहा पिता पिता आई सहज म्हणाली, "राणीला सहा पिल्लं झाली होती रे. दोन लोकांनी नेली, बाकीची नानांनी बाजाराकडे नेऊन सोडली." मी गप्प. कारण दोन वर्षांपूर्वी 'ऑपरेशन करून घेऊ' म्हणून पुण्याला पळालेला शहाणा मीच!

परतताना एसटीत डोक्यात तेच होतं. मग जरा वाचलं, तर एक भन्नाट इतिहास हाती लागला.

इंग्रजांच्या मुंबईत उन्हाळ्यात मोकाट कुत्री मारायची मुभा होती. १८३२ मध्ये ही मुदत वाढवली, वर कुत्र्यामागे आठ आणे बक्षीस. मग काय, बक्षिसापायी लोकांची पाळलेली कुत्रीसुद्धा मारली जाऊ लागली. पारशांच्या अंत्यविधीत कुत्र्याला मान. ६ जूनला ते चिडून रस्त्यावर उतरले. दुसऱ्या दिवशी दुकानं बंद, शेवटी फौज बोलवावी लागली!

तरी मारणं थांबलं नाहीच. मुंबईत ते थांबलं थेट १९९४ मध्ये. इतकी वर्षं मारूनही कुत्री कमी का झाली नाहीत? कारण साधं आहे. एका गल्लीतली कुत्री संपली की शेजारची येतात, आणि कचरा तर असतोच. शिवाय कुत्री साधारण ६३ दिवसांत विते, तेही वर्षातून दोनदा.

म्हणून २००१ मध्ये केंद्राचे नियम आले : पकडा, नसबंदी करा, रेबीजची लस द्या, कानाला खूण करा, जिथून आणलं तिथेच सोडा. २०२३ च्या नव्या नियमांतही गाभा तोच. (२०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने शाळा, दवाखाने, बसस्थानकं अशा आवारांतून उचललेली कुत्री परत तिथे सोडू नका असं सांगितलं, तो भाग वेगळा.) रस्त्यावरच्या कुत्र्यांची जबाबदारी नगरपरिषदेसारख्या स्थानिक संस्थेवर. आणि पाळीव कुत्र्याची? नियमात स्पष्ट लिहिलंय : लस आणि नसबंदी मालकाने करायची.

म्हणजे नगरपरिषदेच्या नावाने बोटं मोडणाऱ्या आमच्याच घराने तिच्या कामात चार पिल्लांची भर घातली. असो.

रात्री नानांना फोन केला. "कुत्रीला कशाला रे ऑपरेशन?" म्हणाले. मी आठ आण्यांची गोष्ट सांगितली. हसले, मग म्हणाले, "बरं, पण तू स्वतः ये."

राणीचं दूध आटलं की जाणार आहे. या वेळी नक्की.