जागा भरणे आहे : करवीर गॅझेटचा धडा

श्रोतेहो, गावच्या सोसायटीत कारकुनाची जागा रिकामी झाली, तर ती बातमी प्रथम कुणाच्या कानावर जाते? बहुधा सेक्रेटरीच्या भाच्याच्या, नाही तर चेअरमनच्या व्याह्याच्या. वाडीवरच्या शिकलेल्या पोराला कळते तेव्हा जागा भरून चुकलेली असते. म्हणजे ते पोर नालायक ठरले असे नव्हे; त्याला कुणी विचारलेच नाही. नोकरीची जाहिरात नीट लिहिणे हा म्हणूनच नुसता कागदी उपचार नाही. त्याचा उत्तम धडा आपल्या कोल्हापूरच्या इतिहासातच सापडतो.

१८९४ साली शाहू महाराजांनी राज्यकारभार हाती घेतला. त्या वेळी दरबारच्या सर्वसाधारण कारभारातील ७१ जागांपैकी ६० जागांवर एकाच जातीचे अधिकारी होते. गावोगावी तर कुलकर्ण्याचे दप्तर वतनाने चालत आलेले, बापामागून मुलगा. आता वतनाला जाहिरात कशाला लागते? ही वतने बंद होऊन पगारी तलाठी नेमले जायला १९१८ साल उजाडावे लागले.

मधल्या काळात, २६ जुलै १९०२ रोजी, करवीर सरकारच्या गॅझेटात एक हुकूम छापून आला. महाराज तेव्हा विलायतेला गेलेले होते. आजच्या अर्थाने ही काही जाहिरात नव्हे. पण जागा कुणासाठी आहेत हे सरकारने उघडपणे, छापून सांगितले, ते या हुकमाने. त्याची मांडणी जरा लक्ष देऊन पाहा.

पहिली गोष्ट, हुकूम कारण सांगतो. मागासलेल्या वर्गांत शिक्षण वाढावे म्हणून खटपट केली, तिला हवे तसे यश आले नाही; आणि याचे कारण असे की, वरच्या शिक्षणाचे फळ पुरेशा लोकांच्या वाट्याला येत नाही. किती साधी गोष्ट! शिकून पुढे काय, हे बापाला दिसले नाही, तर तो पोराला औत सोडून शाळेत का धाडील?

दुसरी गोष्ट, आकडा. यापुढे रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी शेकडा ५० जागा मागासलेल्या वर्गांतून भरायच्या. जेथे हे प्रमाण ५० हून कमी असेल, तेथे पुढची नेमणूक त्यांतूनच करायची. ‘शक्य तो विचार केला जाईल’ असली पळवाट ठेवली नाही.

तिसरी, ‘मागासलेले’ म्हणजे कोण? ब्राह्मण, प्रभू, शेणवी, पारशी आणि इतर पुढारलेले वर्ग सोडून बाकी सर्व, असा खुलासा तेथेच केला. वाचणाऱ्याला ‘यात आपण बसतो की नाही?’ म्हणून कुणाच्या दारी जायला नको.

चौथी गोष्ट तर फार मोलाची. हुकमानंतरच्या नेमणुकांचा तक्ता प्रत्येक खातेप्रमुखाने दर तीन महिन्यांनी सरकारात धाडायचा. हुकूम मानला की नाही, ते कागदावरच दिसावे.

आता कुणी म्हणेल, जागा ठेवल्या, पण लायक माणूस आणायचा कुठून? कोल्हापूरने तीही तजवीज केली. १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघाले होते. १९०८ साली अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह निघाले. आणि १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत झाले. एका हाताने जागा दाखवली, दुसऱ्या हाताने तिथवर जायची वाट बांधली.

बातमी पोचण्याचा प्रश्न पुढेही सुटला नाही. १९५९ साली संसदेने रिकाम्या जागा सेवायोजन कार्यालयांना कळवण्याचा कायदा केला. तेवढ्यानेही भागेना. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, त्या कार्यालयातून नावे मागवा, शिवाय वर्तमानपत्रांत जाहिरात द्या, आणि कचेरीच्या फळ्यावर, रेडिओवर, दूरदर्शनवर किंवा रोजगारविषयक पत्रकांतही जागा जाहीर करा. ज्याचे नाव नोंदलेले नाही, त्यालाही संधी मिळावी, हा त्यामागचा हेतू.

तेव्हा शिक्षकबंधुभगिनींनो, सोसायटीच्या, दूधसंस्थेच्या किंवा शाळेच्या जागेची जाहिरात लिहायला लोक तुमच्याकडेच येतील. काम काय, पगार किती, शिक्षण किती हवे, राखीव जागा कोणत्या, अर्ज कुठे व कोणत्या तारखेपर्यंत, हे सोप्या मराठीत लिहा. ‘अनुभवी, होतकरू, तडफदार’ असल्या शब्दांनी मजकूर फुगवू नका. त्यांनी लायक पण भिडस्त माणूस उगाच बिचकतो. कामाला खरोखर लागेल तेवढीच अट घाला. जास्त अट म्हणजे एखाद्या चांगल्या माणसाला दारातूनच परत लावणे. आणि कागद केवळ कचेरीच्या भिंतीवर न लावता चावडीवर, एस. टी. स्टँडावर, वाड्यावस्त्यांवरही लावा; ज्यांना वाचता येत नाही, त्यांना वाचून दाखवा.

अर्ज थोडे आले, तर ‘लायक माणसेच नाहीत’ असे म्हणण्याआधी एवढे मात्र विचारा : बातमी कुठवर पोचली होती?