वाक्यात उपयोग करा

डिसेंबर १९८१. दिल्ली कसोटीचे समालोचन आमच्या घरच्या रेडिओवर चालू होते आणि इंग्लंडचा जेफ्री बॉयकॉट काही केल्या बाद होत नव्हता. त्या सामन्यात त्याने गॅरी सोबर्सचा ८,०३२ कसोटी धावांचा विक्रम मागे टाकला. मी तेव्हा आठवीत होतो. पुढे थोड्याच दिवसांनी आमच्या इंग्रजीच्या सरांनी फळ्यावर तेच नाव लिहिले, पण पहिले अक्षर लहान काढून. खाली नेहमीची सूचना : अर्थ सांगून वाक्यात उपयोग करा.

मी हात वर केला. ‘सर, बॉय म्हणजे मुलगा, कॉट म्हणजे खाट. मुलाची खाट.’ वर्ग खो खो हसला. सरही हसले आणि म्हणाले, ‘अरे, बहिष्कार! वाळीत टाकणे.’ माझ्या बाकावरचा मित्र मात्र हसला नाही. त्याचे कारण पुढे येईल.

हा शब्द मुळात एका माणसाचे आडनाव होते, हे मला बी. ए.ला गेल्यावर कळले. आपल्या क्रिकेटपटूचे नव्हे; चार्ल्स कनिंगहॅम बॉयकॉट नावाच्या इंग्रजाचे. तो आयर्लंडच्या मेयो परगण्यात लॉर्ड अर्न यांच्या जमिनीचा कारभारी होता. कुळांकडून खंड वसूल करायचा आणि थकला की जमीन सोडायला लावायची, हे त्याचे काम. लोक त्याला कॅप्टन म्हणत. १८७९चा हंगाम बुडालेला. पुढच्या वर्षी कुळांनी खंडात पंचवीस टक्के सूट मागितली. मालक दहा टक्क्यांवर अडून बसला. जमिनी खाली करण्याच्या नोटिसा निघाल्या.

त्याच सुमारास, १९ सप्टेंबर १८८० रोजी, आयरिश पुढारी चार्ल्स पार्नेल यांनी एनिस गावच्या सभेत विचारले, की शेजाऱ्याची हिसकावलेली जमीन जो घेईल त्याचे काय करायचे? गर्दीतून आवाज आला, गोळी घाला. पार्नेल म्हणाले, याहून चांगला मार्ग आहे. रस्त्यात, दुकानात, बाजारात, चर्चमध्येसुद्धा त्याला एकटे पाडा. पूर्वी महारोग्याला पाडत असत तसे.

मेयोच्या कुळांनी हा मार्ग थेट कारभाऱ्यावरच चालवला. कॅप्टनचे गडी काम टाकून निघून गेले. लोहार येईना, धोबीण येईना, जवळच्या बॉलिनरोब गावचे दुकानदार माल देईनात. पीक शेतात उभे. शेवटी उत्तरेकडून पन्नास मजूर आणले आणि त्यांच्या रक्षणाला शेकडो सैनिक व पोलीस. पाचशे पौंडांचे पीक काढायला दहा हजार पौंड खर्च झाले, असे सांगतात. डिसेंबर उजाडताच कॅप्टन बायकोसह आयर्लंड सोडून गेला.

एका निशस्त्र गावाने साम्राज्याला असे नमवले. पण त्या कृतीला नाव नव्हते. इंग्रजीत होता तो जड ग्रीक शब्द कुळांच्या तोंडी बसण्यासारखा नव्हता. तेव्हा तिथले पाद्री फादर जॉन ओमॅली यांनी अमेरिकन पत्रकार जेम्स रेडपाथ यांना सुचवले, की कॅप्टनचे आडनावच क्रियापद म्हणून वापरावे. कवी म्हणून मला या पाद्रीबाबांचा हेवा वाटतो. महिन्या-दोन महिन्यांत तो शब्द लंडनच्या वर्तमानपत्रांत गेला, पुढे फ्रेंच आणि जर्मन भाषांतही. १८८१मध्ये अमेरिकेला जाताना कॅप्टनने आपले आडनाव गाळून चार्ल्स कनिंगहॅम एवढेच लावले म्हणतात.

आपल्याकडे नाव शोधावे लागले नाही. ग्रामण्य, वाळीत टाकणे, हुक्कापाणी बंद. हा माल घरचाच होता. १८९०मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये चहा घेतला म्हणून रानडे आणि टिळक यांच्यावरही ग्रामण्य आले होते. त्याच टिळकांनी वंगभंगानंतर, १९०५पासून, बहिष्कार हा शब्द विलायती मालाविरुद्ध उगारला. जातीच्या पंचांच्या हातातला सोटा काढून त्यांनी तो सरकारवर धरला, असे मला वाटते.

पण सोटा पंचांच्या हातातूनही सुटला नव्हता. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ३ एप्रिल १९२७ रोजी पाक्षिक काढले, त्याचे नावच ‘बहिष्कृत भारत’. महाडच्या तळ्याचे पाणी पिऊन तेव्हा पंधरवडाच झाला होता. १९३०च्या गोलमेज परिषदेत त्यांनी मागणी केली, की सामाजिक बहिष्कार हा गुन्हा ठरवा. त्यासाठी आधार घेतला ब्रह्मदेशातल्या १९२२च्या बहिष्कारविरोधी कायद्याचा. आयर्लंडात जो शब्द दुबळ्यांचा आधार होता, त्यापासून दुबळ्यांचे रक्षण करा, असे सांगायची वेळ इथे आली. कारण उघड आहे. मेयोत गडी कारभाऱ्याचे काम सोडून गेले. आमच्या खेड्यात मालकच गड्याचे काम आणि पाणी तोडतो. महाराष्ट्राने सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा केला तो २०१६ साली. २०१७मध्ये तो अमलात आला.

आता त्या मित्राबद्दल. त्याचे अब्बा आमच्या मोहल्ल्यातले शिंपी. त्यांनी जमातीच्या बैठकीत मशिदीच्या वर्गणीचा हिशेब मागितला. चोरी झाली असे म्हटले नव्हते, फक्त वही दाखवा म्हणाले. १९८१च्या रमजानच्या आधीची ही गोष्ट. रमजान म्हणजे शिंप्याच्या कमाईचा महिना. रात्र रात्र मशीन थांबत नाही. त्या वर्षी त्यांचे मशीन बंद होते. आमचेही ईदचे कपडे बाजारपेठेतल्या दुसऱ्या शिंप्याकडे टाकले. अम्मीने मला एवढेच सांगितले, ‘उनके घर कू नै जाने का.’ का, ते मी विचारले नाही आणि गेलोही नाही. शाळेत मात्र आम्ही एकाच बाकावर होतो, कारण शाळेला ते लागू नव्हते.

मी त्या दिवशी वहीत लिहिले, की गांधीजींनी विलायती कापडावर बहिष्कार टाकला. सरांनी लाल शाईने बरोबरची खूण केली. मित्राने अर्थ लिहिला होता, अक्षर माझ्यापेक्षा वळणदार. वाक्याची ओळ कोरी होती. सरांनी त्याचा अर्धा गुण कापला. तो काही बोलला नाही, मीही नाही. उन्हाळ्याच्या सुटीत मशीन टेम्पोत घालून ते कुटुंब दुसऱ्या गावी गेले. कुठल्या, ते मला माहीत नाही. मोहल्ल्यात विचारायची सोय नव्हती.