प्रसूतिसेवा सुधारणा, मुंबई इलाख्यातील

गर्भवती, बाळंतीण व नवजात अर्भक यांची शास्त्रीय पद्धतीने काळजी घेण्याची व्यवस्था निर्माण व्हावी, यासाठी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून मुंबई इलाख्यात झालेले प्रयत्न. या प्रयत्नांचे दोन प्रवाह दिसतात. स्त्री डॉक्टर, रुग्णालय व प्रशिक्षित सुईण उपलब्ध करून देणे हा पहिला. कष्टकरी स्त्रीला बाळंतपणात सक्तीची पण सवेतन विश्रांती मिळवून देणे हा दुसरा. पहिल्या प्रवाहाला दानशूर धनिक व सरकार या दोहोंचा आश्रय लाभला. दुसऱ्याला मात्र विधिमंडळात झगडावे लागले.

पारंपरिक व्यवस्थेत बाळंतपण घरीच, बहुधा माहेरी व सुईणीच्या हातून होई. बाळंतिणीची खोली अंधारी, वारा न शिरेल अशी असे. शेक-शेगडीचा धूर तीतच कोंडे. प्रसूतीचा विटाळ मानला जात असल्याने नाळ कापणे व घाण काढणे ही कामे हीन समजली जात आणि ती करणारी सुईणही बहुधा खालच्या मानलेल्या जातींतील असे. सुधारकांच्या लेखनात बाळंतिणींच्या मृत्यूंचा सारा दोष या सुईणीवर टाकलेला आढळतो. तो सर्वस्वी न्याय्य म्हणता येत नाही. व्हिएन्नाच्या सार्वजनिक रुग्णालयात १८४७ मध्ये इग्नाट्स झेमेलव्हाइस यांनी डॉक्टरांना क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुण्यास लावले, तेव्हा कोठे तेथील सूतिकाज्वराचे मृत्यू झपाट्याने घटले. म्हणजे अस्वच्छ हातांचा दोष यूरोपातील नामांकित रुग्णालयांतही होता. सुईणीपाशी अनुभव होता, जंतूंचे ज्ञान नव्हते; आणि ते तिला देण्याची व्यवस्था कोणी केलेली नव्हती.

पुरुष डॉक्टरकडून तपासून घेण्यास स्त्रिया तयार नसत, ही दुसरी अडचण. कल्याण येथे जन्मलेल्या आनंदीबाई जोशी (१८६५–८७) यांचे पहिले मूल त्या १४ वर्षांच्या असताना जन्मले व अवघे दहा दिवस जगले. स्त्रियांना स्त्री डॉक्टर हवी, ही त्यांची निष्ठा या अनुभवाशी जोडली जाते. फिलाडेल्फिया येथील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून त्यांनी १८८६ मध्ये एम्. डी. ही पदवी घेतली. त्यांच्या प्रबंधाचा विषय आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र हाच होता. कोल्हापूरच्या अ‍ॅल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातील स्त्री-विभागासाठी त्यांची नेमणूक झाली होती. परंतु क्षयाने त्यांचा पुणे येथे अंत झाला.

मुंबईत संघटित कार्याला १८८२ मध्ये आरंभ झाला. जॉर्ज किट्रेज हे अमेरिकन व्यापारी व सोराबजी शापूरजी बंगाली यांनी भारतीय स्त्रियांच्या वैद्यकीय मदतीसाठी निधी उभारला. इंग्लंडहून स्त्री डॉक्टर आणणे, केवळ स्त्रिया व मुले यांच्यासाठी रुग्णालय व दवाखाना काढणे आणि येथील मुलींना वैद्यकीय शिक्षण खुले करणे, ही उद्दिष्टे ठरली. एडिथ पीची (१८४५–१९०८) या १८८३ च्या अखेरीस मुंबईस आल्या. त्याच वर्षी ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयाने स्त्रियांना प्रवेश दिला. पेस्तनजी होरमसजी कामा यांच्या देणगीतून उभारलेले कामा रुग्णालय १८८६ मध्ये सुरू झाले. त्याचा कारभार स्त्री डॉक्टरांच्याच हाती असावा, ही अट त्या काळी धाडसाची होती. लेडी डफरिन यांचा अखिल भारतीय निधी १८८५ चा, म्हणजे मुंबईच्या उपक्रमानंतरचा आहे. रखमाबाई (१८६४–१९५५) यांनी लंडन येथे शिक्षण पूर्ण करून सुरत व पुढे राजकोट येथे स्त्रियांच्या रुग्णालयांत दीर्घकाळ काम केले. पुणे सेवासदनाने (१९०९) विधवा व परित्यक्ता स्त्रियांना परिचारिका आणि सुईण यांचे शिक्षण देऊन या पेशाला मध्यमवर्गात प्रतिष्ठा मिळवून दिली. सुईणींच्या नोंदणीचा कायदा इलाख्यात १९३५ मध्ये झाला.

गिरणगावातील प्रश्न निराळा होता. तेथील स्त्री रुग्णालयाच्या जवळ राहत होती. पण तिला बाळंतपणासाठी उसंत नव्हती. वाइंडिंग व रीलिंग खात्यांत स्त्रिया नायकिणीच्या हाताखाली काम करीत. १९२२ च्या फॅक्टरी कायद्यानेही दिवसाला ११ तास काम घेण्याची मुभा होती. मजुरी कामावर अवलंबून असल्याने गरोदर स्त्री शेवटच्या दिवसापर्यंत गिरणीत जाई आणि बाळंतपणानंतर शक्य तितक्या लवकर परते. मुंबई सरकारच्या कामगार कार्यालयाने या परिस्थितीच्या पाहणीसाठी डॉ. बार्न्झ यांची नेमणूक केली. त्यांच्या १९२२ च्या अहवालात, मूल दिवसभर झोपून राहावे म्हणून त्याला अफू देण्याच्या सार्वत्रिक प्रथेची नोंद आहे. आई गिरणीत व मूल अफूच्या गुंगीत, असा हा संसार होता.

१९२१ मध्ये मुंबई शहरातील अर्भक-मृत्यूचे प्रमाण हजारी ६०० हून अधिक नोंदले गेले. एका खोलीत राहणाऱ्या कुटुंबांत ते ८०० च्याही वर गेले होते. हे आकडे सावधपणे वाचावयास हवेत. कोकणातील किंवा घाटावरील स्त्री बाळंतपणासाठी गावी जाई आणि तान्हे मूल घेऊन परत येई. त्यामुळे जन्माची नोंद गावी व मृत्यूची मुंबईत होऊन प्रमाण फुगे. तथापि ही सूट दिली, तरी चाळीतील एका खोलीचे व प्रशस्त घराचे आकडे यांतील अंतर नाहीसे होत नाही. परळ येथे १९२६ मध्ये स्थापन झालेले नवरोसजी वाडिया प्रसूतिगृह गिरणी कामगारांच्या वस्तीतच उभारले गेले, ते याच जाणिवेतून.

आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९१९ मध्ये वॉशिंग्टन येथे प्रसूतीपूर्वी व नंतर प्रत्येकी सहा आठवड्यांच्या विश्रांतीचा करार संमत केला होता. ना. म. जोशी (१८७९–१९५५) यांनी मध्यवर्ती विधानसभेत १९२४ मध्ये प्रसूतिलाभ विधेयक आणले. ते फेटाळले गेले. पुढे आर्. एस्. आसवले यांनी मुंबई विधिमंडळात तसेच विधेयक मांडले. गिरणीमालकांच्या बाजूने, हा बोजा उद्योगाने का सोसावा, असा आक्षेप होता. २८ जुलै १९२८ रोजी बाबासाहेब आंबेडकरांनी विधेयकाला पाठिंबा दिला. मातेला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे असल्याने या खर्चाचा मोठा भार वस्तुतः सरकारने उचलावयास हवा, हे त्यांनी मान्य केले. परंतु सरकार तो उचलत नाही आणि स्त्रीच्या श्रमाचा लाभ मालक घेतो, तेव्हा त्यालाही जबाबदारीतून मुक्त होता येणार नाही, असे त्यांचे प्रतिपादन होते. चर्चेत हा मुद्दा सर्वांत मर्मग्राही ठरतो.

१९२९ चा मुंबई प्रसूतिलाभ कायदा हा या विषयावरील भारतातील पहिला कायदा होय. त्यान्वये रोज आठ आण्यांप्रमाणे काही आठवड्यांचा लाभ मालकाने द्यावयाचा होता, प्रसूतीनंतर चार आठवडे कामावर घेण्यास बंदी होती आणि रजेच्या काळात नोकरीवरून काढता येत नव्हते. सहा महिन्यांच्या नोकरीची अट होती. पुढे ती नऊ महिन्यांची करण्यात आली. बदली कामगार स्त्री त्यामुळे सहज वगळली जाई. मध्य प्रांताने १९३० मध्ये असाच कायदा केल्याने विदर्भातील गिरण्यांनाही तो लागू झाला. शेतमजूर, विडी वळणाऱ्या व घरकाम करणाऱ्या स्त्रिया मात्र बाहेरच राहिल्या.

संपूर्ण खर्च मालकावर टाकल्याचा एक परिणाम पुढील काळात जाणवला. १९२० च्या दशकात मुंबईच्या कापड गिरण्यांत कामगारांपैकी सु. एकपंचमांश स्त्रिया होत्या. स्वातंत्र्यप्राप्तीच्या सुमारास हे प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आले व नंतरही घटत गेले. रात्रपाळीची बंदी व यंत्रांचे सुसूत्रीकरण ही त्याची प्रबळ कारणे होत. तथापि तरुण विवाहित स्त्रीला कामावर घेण्यास मालक नाखूष झाले, यातही तथ्य आहे. संरक्षणाची किंमत अशा रीतीने काही अंशी स्त्रीलाच द्यावी लागली. १९४८ च्या कर्मचारी राज्य विमा कायद्याने मालक, कामगार व शासन यांच्या वर्गणीतून प्रसूतिलाभ देण्याची पद्धत आणली, ती या दोषावरचा उपाय म्हणता येईल. १९६१ च्या केंद्रीय कायद्याने प्रांतिक कायद्यांची जागा घेतली, पण भार पुन्हा मालकावरच ठेवला. २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवडे झाली, तेव्हाही खर्चाची ही वाटणी बदलली नाही.

सेवेच्या प्रवाहाला शतकाच्या अखेरीस गडचिरोली जिल्ह्यात वेगळे वळण मिळाले. राणी व अभय बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने गावातीलच स्त्रियांना नवजात अर्भकाच्या काळजीचे शिक्षण दिले. श्वास कोंडणे, जंतुसंसर्ग व कमी वजन यांवर त्या घरीच उपचार करू लागल्या आणि प्रयोगाखालील ३९ गावांत नवजात मृत्यूंचे प्रमाण निम्म्याहून अधिक घटल्याचे १९९९ मध्ये प्रसिद्ध झाले. ज्या घरगुती बाळंतपणाला सुधारकांनी त्याज्य ठरविले होते, तेथेच ज्ञान पोहोचविण्याचा हा मार्ग होता. नमुना नोंदणी पद्धतीनुसार २०१८–२० या काळात महाराष्ट्रात दर लाख जिवंत जन्मांमागे मातामृत्यूंचे प्रमाण ३३ होते.